दुमडीतली हळद

ज्याला कड आहे त्याचे धागे सुटतात. हे कापडाबाबत खरं आहे, घराण्याबाबत खरं आहे, आणि सहकारी संस्थांबाबत तर लेखापरीक्षकांनीही मान्य केलेलं आहे. सुटलेला धागा ओढला की आणखी सुटतो, कापला की पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून शहाण्या माणसांनी फार पूर्वीच तिसरा मार्ग शोधला : कड आत दुमडायची, वरून टीप मारायची आणि पाहुण्यांना चहा विचारायचा. संस्कृती म्हणतात ती हीच.

हे काम मशीनवर करून देणारा एक पोलादी तुकडा असतो. सुईच्या पुढ्यात तो स्क्रूने बसवतात आणि त्याला फोल्डर म्हणतात. दिसायला मुडपलेल्या कानासारखा. शर्टाचे पुढचे-मागचे दोन भाग एका बाजूने त्याच्या तोंडात सोडायचे. तो दोघांच्या कडा एकमेकींत अडकवतो, सुगरण कानवल्याला मुरड घालते तशी, आणि लगेच दोन सुया वरून दोन टिपा घालून प्रकरण मिटवतात. बाहेर येते ती शिवण आतून-बाहेरून सारखी गुळगुळीत. कोणाची कड कुठे संपली आणि कोणाची कुठे सुरू झाली, हे शिवणारीलाही सांगता येत नाही. (विहिणी-विहिणींना हे अजून साधलेलं नाही.)

सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या अंगाला, 'सुईदोरा महिला गणवेश उत्पादक संस्थे'ची पत्र्याची शेड आहे. तिथे असा फोल्डर आला तेव्हा त्याचं स्वागत दाक्षायणी अक्कांनी केलं. अक्का लाइनप्रमुख. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोट घेत नाहीत. सोमवारचा उपास, गुरुवारी आळणी, आणि दर श्रावणात एक पदार्थ सोडायचा. श्रावण संपला की सोडलेलं पुन्हा धरायला त्यांना संकोच वाटतो. त्यामुळे वर्षानुवर्षं एकेक सोडत त्या अशा ठिकाणी पोचल्या आहेत, की त्यांना जेवायला बोलावणारी बाई आधी वही-पेन घेऊन बसते. आवाज इतका हळू, की मशिनी बंद केल्याशिवाय त्यांचं रागावणं ऐकू येत नाही. आणि मशिनी बंद केल्या, की त्या काम थांबवल्याबद्दल रागावतात.

फोल्डर ज्या मशीनवर बसवला ते मशीन शाइस्ताला मिळालं. शाइस्ताने आधी काजं केली, मग बटणं लावली, मग कॉलर, मग बाह्या. दोन्ही कडा एका लयीत आत सोडायला जो निवांत हात लागतो तो तिच्याकडे होता. नवरा गौस रिक्षा चालवतो, पण गल्लीत लोक त्याला 'फोल्डरवालीचा गौस' म्हणू लागले, आणि त्याने हरकत घेतली नाही. शेडमध्ये फोल्डरवर बसणं म्हणजे पंगतीत पाटावर बसणं.

पहिले काही दिवस मात्र फोल्डर रुसला. कापड आत गेलं की गोळा होऊन बाहेर यायचं, चघळलेल्या उसासारखं. अक्कांच्या जिवाला ते बरं वाटेना. एका सकाळी त्यांनी हळद-कुंकवाची वाटी आणली, फोल्डरला ओल्या हळदीचं बोट लावलं, हात जोडले, आणि शाइस्ताने कापड सोडलं. शिवण सरळ आली, शाळेतल्या पट्टीसारखी. (त्याच सकाळी शाइस्ताने फोल्डरचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला होता. ही तांत्रिक बाब असल्याने तिचा येथे विचार केलेला नाही.)

तेव्हापासून रोज सकाळी फोल्डरला हळद लागू लागली. रोज एक बोट, देवाच्या दयेने कधी खाडा नाही.

श्रद्धा एकटी राहिली तर श्रद्धाच राहते. तिला क्रमांक मिळाला की तिची कार्यपद्धती होते. संस्थेचे व्यवस्थापक महेश्वर सर गुणवत्तेच्या सर्टिफिकेटसाठी धडपडत होते. तपासणीला दोन गृहस्थ आले. त्यांनी विचारलं, "यंत्रांची रोजची प्रतिबंधक देखभाल काय करता?"

सगळ्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी वाटीकडे पाहिलं.

"करतो की," महेश्वर सर म्हणाले. "रोज करतो. लेखी आहे."

ती संध्याकाळपर्यंत लेखी झाली :

कार्यपद्धती क्रमांक सात. फोल्डर यंत्रणेची प्रातःकालीन प्रतिबंधक देखभाल.
(अ) यंत्र बंद असल्याची खात्री करावी. दिवा लावायचा असल्यास पंखाही बंद करावा.
(आ) फोल्डर मऊ फडक्याने पुसून तेलाचा एक थेंब द्यावा.
(इ) ओली हळद उजव्या अनामिकेने फोल्डरच्या मुखाशी लावावी. कुंकू मशीनच्या माथ्यावर, ऐच्छिक.
(ई) उपस्थितांनी हात जोडावेत. ज्यांची रीत वेगळी आहे त्यांनी हात मोकळे ठेवावेत, तोंड मात्र सर्वांनी बंद ठेवावे.
(उ) त्यानंतर पांढरे कापड सोडावे.

(ज्यांना शिवणकाम कळतं, किंवा ज्यांनी हळदीचं पांढरं वस्त्र कधी धुतलं आहे, त्यांच्या इथे काही लक्षात आलं असेल तर त्यांनी कृपया थांबावं. पूजा चालू आहे.)

परिणाम उत्तम झाले. सुया मोडण्याचं प्रमाण एक्केचाळीस टक्क्यांनी घटलं. उरलेल्या सुया श्रद्धा कमी पडल्यामुळे मोडल्या असाव्यात, असा प्राथमिक अंदाज आहे. सर्टिफिकेट मिळालं. तपासणीला आलेल्या दोघांपैकी एकाने जाताना स्वतःच्या स्कूटरलाही बोटभर हळद लावून घेतली.

आता, तेलावर ओली हळद लावली की ती फोल्डरच्या कानात उतरते, आणि सकाळच्या पहिल्या गठ्ठ्यातल्या शर्टांच्या दुमडीत जाऊन बसते. वरून दोन टिपा पडल्या की ती बाहेरून अजिबात दिसत नाही. फोल्डरची कीर्ती आहे ती याचसाठी.

हे शाइस्ताला पहिल्याच आठवड्यात दिसलं. ती बोलायला तोंड उघडत असे आणि सुईत ओवायचा असल्यासारखं दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करून गप्प बसत असे. तिचा हिशेब सरळ होता. हेच दुसरी कुणी बोलली तर ते शर्टाबद्दल होईल. आपण बोललो तर ते भलत्याचबद्दल होईल. तेव्हा ज्यांना बोलणं स्वस्त पडतं त्यांनी बोलावं.

ते सुंदरम्मालाही दिसलं. सुंदरम्मा विणकराच्या घरातली, वयाने सगळ्यांत मोठी, शेवटाला धागे कापायला बसते. तिच्या कात्रीखालून प्रत्येक शर्ट जातो. ती म्हणाली, "हळद की. हळदीनं कुणाचं वाईट झालंय?" आणि पुढचा शर्ट घेतला.

महेश्वर सरांना दिसलं तेव्हा त्यांनी सर्टिफिकेटचे कागद काढून पाहिले. डागांच्या प्रकारांत तेल, शाई, गंज आणि पान एवढीच नोंद होती. हळद नव्हती. म्हणजे तो डाग नव्हता.

आणि अक्कांना? त्यांनाही एकदा उजेडात पिवळी झाक दिसली. त्यांना बरं वाटलं. लेकरांच्या कुशीत रोज थोडं देवाचं जातंय, वाटलं त्यांना.

सोलापुरात असं एक घर नसेल, जिथे लग्नाच्या हळदीनंतर नवरदेवाचं धोतर साबणाच्या पाण्यात टाकल्यावर काय होतं ते बाईमाणसाने पाहिलेलं नाही. धोतर लालेलाल होतं. पण ते धोतराचं ज्ञान. शर्टाबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं.

टेंभुर्णीच्या एका शाळेचे गणवेश जूनमध्ये गेले. पंधरवड्यात शाळेचे कुंडलिक सर पिशवी घेऊन शेडच्या दारात उभे. चित्रकलेचे शिक्षक, उन्हातून आलेले, टोपी काढून वारा घेत होते.

"बाई, शिवान झकास हाय," ते अक्कांना म्हणाले. "वढली तरी उसवंना. तक्रार न्हायच. पन ही रेघ बगा."

त्यांनी शर्ट टेबलावर पसरला. दोन्ही कुशींना, बगलेपासून कमरेपर्यंत, तांबडी लाल रेघ.

"पैल्या धुन्यात आली. आमच्याकडलं पानी जड, साबन सुटत न्हाय, तशी ती पन सुटंना. सकाळी पोरं रांगंत हुबी राहिली आन् एका आईनं बोंब मारली, मास्तरनं पोराला छडीनं हाणलं म्हणून. मुख्याध्यापकांनी मलाच बोलावलं. मी ड्रॉइंगचा मास्तर, बाई! मी उभ्या जल्मात डास बी मारला न्हाय, हातानं उडवून लावतो."

"अय्यो शिवा," अक्का म्हणाल्या. मशिनी चालू होत्या, कुणाला ऐकू गेलं नाही. पण त्यांनी शर्टाची दुमड नखाने उकलून पाहिली, मग आपली उजवी अनामिका पाहिली, आणि त्या खाली बसल्या.

चौकशी समिती नेमली गेली. समितीत महेश्वर सर, संचालक मंडळाच्या दोन सदस्या, आणि कामगारांच्या वतीने सुंदरम्मा (तिची खुर्ची खिडकीजवळ होती म्हणून). समितीने संभाव्य कारणं काढली : टेंभुर्णीचं पाणी, तिथला साबण, मुलांचा घाम, मुलांच्या आयांची दृष्टी, आणि शेवटी, मशीन चालवणारीचा निष्काळजीपणा. गठ्ठ्याच्या प्रत्येक चिठ्ठीवर शाइस्ताचं नाव होतं.

एका सदस्येने दबक्या आवाजात 'हळद' असा शब्द उच्चारला. तेव्हा महेश्वर सरांनी पेन खाली ठेवलं.

"हळद मंगल आहे. मंगल गोष्टीला डाग म्हणणं या समितीच्या अधिकारात नाही. तेव्हा दोष हळदीचा नाही. दोष असलाच तर ती शिवणीत दाबणाऱ्या हाताचा आहे."

हे तर्कशास्त्र इतकं सरळ होतं, की त्यात अडकायला कुठे धागा नव्हता. शाइस्ताला धागे कापायला बसवावं, असं ठरत आलं.

अक्कांनी हे ऐकलं तो सोमवार होता. त्यांच्या पोटात फक्त पाणी होतं. रमजानमध्ये सगळ्या जेवायला बसल्या, की शाइस्ता आणि अक्का एका बाकावर उपाशी बसत. सोमवार आला की दोघींचा मिळून एक डबाही उघडत नसे. शाइस्ता म्हणायची, "अक्का, आपल्या दोघींचा खर्च कंपनीला लई कमी पडतो." ती शाइस्ता आता कात्री शोधणार होती, आणि ते अक्कांच्या एका बोटामुळे. त्या समितीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"हळद मी लावली. रोज. ती पोरगी त्यात नाही."

"जरा मोठ्याने, अक्का."

"हळद मी लावली!"

"तुमच्या श्रद्धेबद्दल समितीला आदरच आहे," महेश्वर सर म्हणाले, आणि इतिवृत्तात लिहिलं : 'लाइनप्रमुखांनी श्रद्धा व्यक्त केली.'

अक्कांनी पाहिलं, की आपला गुन्हा आपल्याला कोणी घेऊ देत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा राग तोंडाने नाही, हाताने बाहेर पडला. त्यांनी समितीला शेडमध्ये आणलं. फोल्डरला हळदीचं बोट लावलं. पांढऱ्या कापडाचे दोन तुकडे घेतले, शाइस्ताला बसवून त्यांची शिवण घालायला लावली, बादलीत साबण कालवला आणि तो तुकडा सगळ्यांसमोर बुडवला.

"बघा."

बघता बघता दुमडीतून लाल फुटलं.

 सुंदरम्मा पुढे झाली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "यव्वा! हळदीचं कुंकू झालं!"

समितीने हात जोडले.

अक्का "तसं नाही, तसं नाही" म्हणत राहिल्या, पण ते नेहमीइतकंच ऐकू गेलं. दोन सदस्यांनी बादलीतलं पाणी कपाळाला लावलं. महेश्वर सरांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांच्यासमोर सगळं स्वच्छ होतं. शिवण दोषी नव्हती, हळद दोषी नव्हती, शाइस्ताही दोषी नव्हती. ज्या यंत्रावर हळदीचं कुंकू बनतं ते यंत्र मात्र यापुढे गणवेशासारख्या किरकोळ कामाला लावणं बरं नव्हे.

दुपारपर्यंत फोल्डरच्या मशीनभोवती दोरी बांधली गेली. दोरीला झेंडूचा हार. दोरीबाहेर पाटी : 'चपला काढून.'

आणि मशीनच बंद, म्हणून शाइस्ताला निर्दोष ठरवून धागे कापायला बसवलं.

"ये, बस," सुंदरम्माने तिला जागा करून दिली. "हितं डोकं लागत न्हाय. कात्री लागती."

अक्का जवळ आल्या तेव्हा शाइस्ता मान खाली घालून कात्री चालवत होती. "अक्का," ती म्हणाली, "तुमी माज्यासाठी खरं बोल्ल्या, मी विसरणार न्हाई. पण आता परत नक्को बोलू. आनखी एकदा खरं बोल्ल्या, तर मला घरीच बसावं लागंल."

अक्का घरी गेल्या, पूजेला बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. खरं बोलून झालं होतं. दाखवून झालं होतं. या शेडमध्ये खऱ्याला किंमत होती, पण फक्त आरतीत. मग ज्या एका गोष्टीपुढे सोलापुरात व्यवस्थापक, संचालक मंडळ आणि घरचे पुरुष हे तिघंही निमूट होतात, ती त्यांना आठवली. ती त्या रोजच करत होत्या, म्हणून आठवायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी महेश्वर सरांना सांगितलं, "फोल्डरने व्रत घेतलंय."

"कोणी?"

"फोल्डरने. उपास धरलाय. हळद, कुंकू, फूल, दिवा, सगळं वर्ज्य. दोरीही चालत नाही."

महेश्वर सर उभेच राहिले. चमत्काराला नियम नसतो, पण व्रताला असतो, आणि ते मोडलं की काय होतं हे त्यांच्या आईने त्यांना लहानपणी पुष्कळदा सांगितलं होतं. "आणि काम?" त्यांनी विचारलं.

"माझा सोमवार असतो तेव्हा मी घरी बसते का, सर?"

"नाही."

"उपासाच्या दिवशी काम जास्त करावं. मन इकडे-तिकडे जात नाही."

"बरोबर," महेश्वर सर म्हणाले. "मग उद्यापन कधी?"

"ज्याचं व्रत त्याने सांगायचं असतं."

दोघांनी फोल्डरकडे पाहिलं. फोल्डर काही बोलला नाही. सरांनी वाट पाहिली, घड्याळ पाहिलं आणि दोरी सोडायला सांगितली. त्याच दिवशी कार्यपद्धती क्रमांक सातमध्ये दुरुस्ती झाली : '(इ) ओली हळद, व्रतकाळात वर्ज्य. सदर व्रतकाळ यंत्रणेकडून अन्यथा कळवले जाईपर्यंत चालू राहील.'

शाइस्ता पुन्हा फोल्डरवर बसली. मऊ फडक्याने तिने त्याचा कान आतून पुसला, दोनदा, तीनदा, फडकं पांढरं निघेपर्यंत. मग तिने हात मोकळे ठेवले, तोंड बंद ठेवलं आणि कापड सोडलं.

यात अक्का खोटं बोलल्या, असा कोणाचा समज होऊ नये. नवऱ्याचं व्रत बायको करते, मुलाचं आई करते. ज्याला करता येत नाही त्याच्या वतीने दुसऱ्याने करायचं, हे शास्त्र आहे. फोल्डरच्या वतीने अक्कांनी जेवणातली हळद सोडली. आमटी पांढरी, पिठलं पांढरं. शेंगाचटणीत मुळातच हळद नसते, ही देवाने अशा प्रसंगासाठीच करून ठेवलेली सोय. त्यांच्या सुनेने सासूच्या पांढऱ्या आमटीकडे पाहून फक्त एवढंच विचारलं, "हे कोणासाठी?" आणि 'फोल्डरसाठी' हे उत्तर ऐकून पुढे काही विचारलं नाही.

समितीचा अहवाल तयार होत होता, तेवढ्यात अक्कांना कुंडलिक सरांचा फोन आला.

"रेघ गेली की वो बाई! आयांनी शर्ट चार दिस उन्हात वाळत घातलं. पार पांढरं झालं. आता मला कुनी काय म्हनत न्हाय."

"ऊन दाखवलं की हळद उडती," सुंदरम्मा कात्री चालवत म्हणाली. "हे मला पैल्यापासनं ठाऊक."

"मग बोललीस का नाहीस?" अक्कांनी विचारलं.

"समिती बसली होती की."

अहवालाचा निष्कर्ष असा : डाग नव्हता. असल्यास तो डाग नव्हता. आता तर नाहीच. (दुमडीच्या आत थोडं पिवळं राहिलं आहे. तिथे सोलापूरचं ऊनही पोचत नाही, आणि समितीलाही तिथे जाण्याचं कारण नव्हतं.)

एकदा जेवणाच्या सुट्टीत मशिनी बंद होत्या. अक्का आपल्या पांढऱ्या आमटीत भाकरी कुस्करत होत्या. त्यांनी न राहवून विचारलं, आणि त्या दिवशी ते शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं : "रोज माझं बोट पांढऱ्या कापडाच्या तोंडाशी जात होतं. तुम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. एकीनेही मला सांगू नये?"

सगळ्या आपापल्या डब्यात पाहू लागल्या. शेवटी शाइस्ताच म्हणाली, "पूजा चालू होती, अक्का."

अक्कांनी विचार केला. दुसऱ्याची पूजा चालू असताना त्याही बोलल्या नसत्या. त्यांनी मान डोलावली आणि भाकरीचा घास घेतला.

नोंद पूर्ण असावी, म्हणून हे प्रकरण आधीपासून ठाऊक असलेल्यांची नावं इथे देणं आवश्यक आहे. शाइस्ता. सुंदरम्मा. महेश्वर सर. सर्टिफिकेटचे दोन्ही गृहस्थ (दोघेही विवाहित). देव, पण त्याची न बोलण्याची सवय जुनी आहे. आणि शेवटी आपण. ओल्या हळदीचं बोट आपण स्वतःच्या डोळ्यांनी फोल्डरच्या मुखाशी जाताना पाहिलंत. पुढच्याच कलमात पांढरं कापड सोडलेलं पाहिलंत. पुढे काय होणार ते आपल्याला तिथेच कळलं होतं, आणि कंसात 'पूजा चालू आहे' म्हणताच आपण हात जोडून पुढे वाचत राहिलात. एकदाही "अहो अक्का" म्हणाला नाहीत.

संस्था आपली आभारी आहे. समितीवर एक जागा रिकामी आहे. येताना पांढरा शर्ट घालून यावं.